दोघींची मिळून पंधरा

जुईनगर, २० मे २०२५

ताई,

जय भीम. पुढे 'सप्रेम' लिहिणार होते, पण नऊ वर्षं एकमेकींचं तोंड न बघता सप्रेम लिहायला हात धजेना. तू फोन घेत नाहीस. सौरभ घेतो आणि म्हणतो, "मावशी, आई मागच्या अंगणात आहे." सकाळी केला तरी अंगणात, दुपारी केला तरी अंगणात. एवढं काय आहे गं त्या अंगणात? म्हणून पत्र लिहितेय. तेही तुला सौरभच वाचून दाखवणार. सौरभ बाळा, मधले शब्द गाळायचे नाहीत. मावशी काय वाट्टेल ते लिहील, तू तेवढं वाच.

समेट करायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. एक माहिती हवी आहे.

मी दहावीला बसलेय. हसू नकोस. ज्या शाळेत झाडू मारते तिथे प्रयोगशाळेत परिचराची जागा निघालीय आणि त्याला दहावी पास लागते. सातवी झालेली बाई मी, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चात सगळ्या विषयांत निघाले, गणितात आपटले. आता पुरवणी परीक्षा आहे. शिकवणीला कोण, तर आमची सूनबाई. अक्षता महाप्याला कंपनीत जाते, संध्याकाळी आली की चहा घेते आणि मला समोर बसवते. सासूला गणित शिकवणारी सून तू ऐकलीयस कधी? परवा मला म्हणाली, "आई, तुमचं लक्ष कुठे आहे?" माझीच वाक्यं माझ्यावर.

गणितात एक बेपत्ता आकडा असतो. पुस्तकात त्याला इंग्रजी एक्स म्हणतात, मला ती फुली मारल्यासारखी दिसते, म्हणून मी आपला क्ष लिहिते. त्या क्षला एका बाजूला एकटं पाडायचं, बाकीचे आकडे बरोबरच्या चिन्हापलीकडे नेऊन बसवायचे. पलीकडे नेलं की अधिकचं उणे होतं, उण्याचं अधिक. का होतं ते विचारू नकोस, मीही विचारलं होतं. अक्षता म्हणाली, "होतं ते काही नाही, आपण दोन्ही बाजूंना सारखंच करतो." मला काडीचं कळलं नाही.

गाड्यांची, नळांची गणितं माझ्या डोक्यावरून जातात, म्हणून तिने सांगितलं, घरातलीच माणसं घ्या आणि वयाचं एक गणित स्वतः बनवा. मी तू आणि मी घेतलं. आई गेली तेव्हा तू किती वर्षांची होतीस? आणि मी? एवढंच कळव. तू मोठी होतीस एवढं मला माहीत आहे. मोठी होतीस म्हणूनच तर माझा राग. आई गेल्यावर वर्षभराने तू मला एसटीत घालून नावड्याला आत्याकडे आणून सोडलंस. मी तुझ्या निऱ्या धरल्या होत्या, तू माझं एकेक बोट सोडवलंस. मागे वळून बघितलं नाहीस. मोठ्या बहिणी असं करत नाहीत. हे मी नऊ वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या भावकीसमोर बोलले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

थोडं वाटतं. सौरभ, ही ओळ वाचू नकोस.

जयमाला


जुईनगर, २९ मे २०२५

ताई,

सौरभचा मेसेज आला. "मावशी, आई म्हणते वय कुणाला ठाऊक. आई म्हणते, मी मोठीच होते." बस, एवढंच. नऊ वर्षांनी तुझं एक वाक्य आलं, तेही उत्तर नाही.

मग मी रविवारी नावड्याला गेले. जाईबाई आत्या आता कानाने गेलीय, पण डोकं अजून जागेवर आहे. मी विचारलं, आई गेली तेव्हा ताई किती वर्षांची होती? म्हणाली, "वयं कोन लिवून ठेवायचा गो तवा? आमाला आमचं ठाऊक नाय, तुमचं कुठं सांगू." मी म्हटलं, झालं, फुकट गेली रिक्षा. पण म्हातारी पान लावता लावता आपणच बोलायला लागली. आई म्हणे सगळ्यांना सांगायची, "मधी दोन गेली, सुगंधाच्या पाठीवर सात वर्सांनी ही जया जगली." म्हणजे आपल्या दोघींत सात वर्षांचं अंतर. मला तर ते जास्तच वाटत होतं. आणि दुसरं, आई गेली त्या दिवशी बाबा ओटीवर बसून एकच बोलत राहिले, "दोन पोरी, दोगींची मिलून पंदरा वर्सं, आनि ही गेली." आत्या म्हणाली, नंतर महिनाभर त्यांच्या तोंडी तेच. पंदरा, पंदरा.

मला काय आनंद झाला सांगू! गणित आयतं तयार. घरी येऊन वही काढली. माझं वय क्ष. तू सातने मोठी, म्हणून तुझं क्ष अधिक सात. दोघींचं मिळून पंधरा. अक्षताने मांडणी बघितली, "एकदम करेक्ट, आई," म्हणाली आणि लेकीला, ईश्वरीला, क्लासला सोडायला गेली. मी एकटीने सोडवलं. हे बघ:

२क्ष + ७ = १५
२क्ष = १५ + ७
२क्ष = २२
क्ष = ११

मी अकरा, तू अठरा. ताई, अठरा! आणि बाबा सांगायचे, त्याच साली तू रोजगार हमीच्या रस्त्यावर जायला लागलीस, तिथे हजेरीला तुझं वय अठरा लावलंय. तेच पुढे रेशनकार्डावर चढलं, तेच आधारवर. आजच्या हिशेबाने तू सदुसष्ट. जुळलं की नाही? पहिल्यांदा आयुष्यात माझं कुठलं गणित कागदाशी जुळलं.

मग आता सांग. अठरा वर्षांची बाई. लग्नाचं वय. धडधाकट. एका लहान बहिणीला सांभाळायला अठरा वर्षांच्या बाईला काय धाड भरली होती? मला आठवते ती साडीतली ताई, डोक्यावर पदर, हातात घमेलं. ती मला ठेवून घेऊ शकत नव्हती? मी किती खाणार होते? मला पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे म्हणाले की जया, जास्त बोललीस. आता गणितच सांगतंय की मी बरोबर बोलले.

पत्र टाकायला चाललेय. अक्षता आल्यावर वही दाखवेन.

जयमाला


जुईनगर, १ जून २०२५

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर बाजूला ठेव. सौरभ, वाचून झालं असेल तर आईला सांग की मावशीचं गणित चुकलंय. किती चुकलंय ते मलाही अजून कळलेलं नाही. डोक्याचं पार भजं झालंय.

अक्षताने वही बघितली आणि विचारलं, "आई, ताळा केलात?" ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत मूळ गणितात घालून बघायचं. मी म्हटलं, कशाला, कार्डाशी जुळतंय ना. ती म्हणाली, "कार्डाशी नाही, गणिताशी जुळवा. अकरा अधिक अठरा किती?" एकोणतीस. "आणि हवेत किती?" पंधरा. मग ती हळूच म्हणाली, "आणि आई, तुम्हीच सांगता ना, मावशी तुम्हाला कडेवर घेऊन फिरायच्या? अकरा वर्षांची मुलगी कडेवर?"

खरंच की. मला आईचा चेहरा आठवत नाही. अकराव्या वर्षी आई गेली असती तर तिचा चेहरा आठवला नसता का? मी तुझ्या अठरालाच एवढी चिकटून बसले की माझ्या स्वतःच्या अकराकडे बघितलंच नाही.

चूक कुठे झाली, तर तो सात. बरोबरच्या पलीकडे नेताना त्याचं उणे करायचं राहिलं. ठीक. पंधरातून सात गेले, आठ. २क्ष बरोबर आठ. आता दोन पलीकडे. चिन्ह बदलतं म्हणून मी उणे दोन केले. सहा! मी सहा, तू तेरा. ताळा केला, एकोणीस. परत नाही. मी चिडून वही आपटली. म्हटलं, सात नेला तेव्हा उणे, मग दोन नेताना उणे का नाही? एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा? अक्षता म्हणाली, "सात बाहेरून येऊन चिकटलाय, तो वजा करून काढायचा. दोन क्षच्या अंगात आहे, दोन वेळा क्ष आहे. तो भागून काढायचा." मी म्हटलं, अंगात काय, वारं आलंय का त्याच्या? ती हसली. मला हसू आलं नाही. मी रडायच्या बेतात होते, आणि गणितासाठी नाही.

कारण ताई, मला तोपर्यंत दिसायला लागलं होतं की तुझा आकडा खाली येतोय. अठराचे तेरा झाले. मला वही मिटावीशी वाटली. पास नाही झाले तर नाही, झाडू कुठे गेलाय.

तरी केलं. आठ भागिले दोन, चार. मी चार वर्षांची. चार अधिक सात, अकरा.

तू अकरा.

ताळा केला. चार अधिक अकरा, पंधरा. पुन्हा केला. उलटा करून बघितला, तुझं वय क्ष धरून, माझं क्ष उणे सात. तरी अकरा. ईश्वरीच्या खोडरबराने पान फाटेपर्यंत खोडलं आणि परत केलं, तेवढंच. अक्षताने लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "आई, परफेक्ट! आता पेपरात आलं तर सोडायचं नाही." तिला काय सांगू?

आत्याचंच काहीतरी चुकतंय. म्हातारं माणूस, कान गेलेत, सात म्हणाली की चौदा कुणास ठाऊक. मी परत जाऊन विचारणार आहे. तोवर तू काही मनात आणू नकोस. मीही आणत नाही. चूक आत्याचीच असणार.

जया


जुईनगर, ९ जून २०२५

ताई,

आत्याची चूक नाही.

काल गेले. तिच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडून विचारलं, ताई मला सोडायला आली तेव्हा मोठी होती ना? साडी नेसायची ना? शेजारणी दारात आल्या, वाटलं असेल काय भांडण लागलंय. आत्या म्हणाली, "साडी तुज्या आयशीची. झग्यावर पोरगी कामावं घेत नव्हते. मुकादम बोलला, साडी नेसवून आना, मी अठरा लावतो. मंग बानं नेसवली. नेसवता येत नव्हती त्याला, निऱ्या गाठोड्यागत गोला करून खोवल्यान." मी म्हटलं, मग मला सोडायला आली तेव्हा? ती म्हणाली, "तवा बारा. अगो, न्हान पन नव्हतं आलं तिला! माज्याकडं तुला सोडून गेली, मागनं पावसाल्यात बाचा निरोप आला का सुगंधा शहानी झाली. शिकवायला घरात बाई नाय. मीच गेले व्हते चार दिस."

हा पक्का ताळा. आता याच्यापुढे कुठलं कार्ड दाखवायचं?

मी नावड्याच्या नाक्यावर तशीच उभी राहिले. दोन रिक्षा सोडल्या. काही कळेना कुठे जायचं. मला पन्नास वर्षं आठवते ती ताई साडीतली आहे म्हणून मी तिला बाई समजले. चार वर्षांच्या पोरीला साडीतलं सगळं मोठंच दिसतं. आणि मी त्रेपन्न वर्षांची झाले तरी तिला तशीच बघत राहिले. एकदाही डोक्यात आलं नाही की जरा मोजून बघावं.

घरी आले तर ईश्वरी ओट्याशी उभी होती, मॅगीसाठी गॅस पेटवू का विचारत होती. आमची ईश्वरी अकराची आहे ताई. मी तिला गॅसला हात लावू देत नाही. तिच्या वेण्या अजून अक्षता घालते. परवा कॅरममध्ये हरली म्हणून तासभर रुसून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिच्या जागी तू दिसायला लागलीस. आईची साडी, हातात घमेलं, कडेवर मी. मी तिला धरून जी रडले, ती बिचारी घाबरली. "आजी, मी गॅस नाही पेटवत," म्हणाली. तिला वाटलं, त्याचंच काहीतरी.

आणि आता जे काही आठवतं ते सगळं उलटंपालटं होतंय. तू भाकरी करपवायचीस आणि करपलेला भाग स्वतः खायचीस, मला वाटायचं तुला आवडतो. मी रडले की तूही रडायचीस, मला वाटायचं तू वेडावतेस. एकदा कामावरून आलीस आणि आल्या आल्या माझ्याशी सागरगोटे खेळायला बसलीस, बाबा ओरडले, "चूल कोन पेटवनार?" तू खेळ तसाच टाकून उठलीस. मी तुला म्हटलं होतं, तू हरत होतीस म्हणून उठलीस. आत्याकडे माझी बोटं सोडवलीस तेव्हा मागे वळली नाहीस, हे मी लोकांना किती वेळा सांगितलंय! बारा वर्षांची पोर, एकटी, परत त्या रिकाम्या घरात जायचं. वळली असतीस तर गेली असतीस का? मला काय माहीत. मला आता कशाचंच काही नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लपवली. मी त्या दिवशी भावकीसमोर काय बोलले ते लिहिलं, तू काय बोललीस ते नाही लिहिलं. तू भांडलीच नाहीस. तू म्हणालीस, "खरं आहे जया. मी मोठी होते. ठेवायला पाहिजे होतं तुला. चुकलं माझं." आणि जेवण न करता उठून गेलीस. मला वाटलं, कबूल केलंस, म्हणजे माझंच खरं. नऊ वर्षं मी तेच धरून बसले, बघा, तिनेच मान्य केलं.

ताई, तुलाच माहीत नव्हतं गं. तुला आयुष्यभर कार्डावर जे लिहिलं तेच सांगितलं गेलं. मुकादमाने अठरा लावले आणि बाबांनी, गावाने, सरकारने, सगळ्यांनी तेच धरलं. तू पण धरलंस. मोठी होते, मोठी होते. परवासुद्धा सौरभला तेच सांगितलंस. तुझ्या मनात इतकी वर्षं एक अठरा वर्षांची बाई आहे, जिने बहिणीला टाकलं. ती बाई नव्हतीच तिथे. मुकादमाच्या वहीशिवाय ती कुठेच नव्हती.

माझं चुकलं. मी नुसती चुकले नाही, मी चार माणसांत चुकले, म्हणून तुझी माफीही चार माणसांतच मागणार. परीक्षा संपली की पहिल्या रविवारी येते. भावकीतले तेव्हा होते त्या सगळ्यांना बोलावते, मीच फोन करते. तू बोलायचं काही नाही. अंगणात जायचं तर जा, मी तिथे येईन.

आता सौरभ, तू ऐक. मावशी तुझ्याशी बोलतेय. आईला समोर बसव. हातातलं काम काढून घे, ती देणार नाही, तरी घे. मग पुढचं हळूहळू वाच, आणि एकदा वाचून ती "हां हां" म्हणाली तर पुन्हा वाच.

सुगंधा, तू आज सदुसष्टची नाहीस, साठची आहेस. आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. मला सोडलंस तेव्हा बारा. तू मोठी नव्हतीस. तुझं काही चुकलं नाही.

वाचून झालं की लगेच उठू नकोस, बाळा. तिच्याजवळ बस.

जया